बोनेटवरच्या एकोणीस फुल्या

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, कंबरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (सध्या फार वाकता येत नाही. का, ते पुढे येईलच. पण मनाने मी पूर्ण वाकलेलो आहे असं समजून आशीर्वाद पूर्णच दे, हात राखून देऊ नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा हे मी दर वेळी विसरतो, म्हणून दोन्हींची चौकशी केली आहे असं धर. भावजींना नवा चष्मा मानवला का? मागे आले तेव्हा जिना उतरताना ते नसलेली पायरी शोधत होते. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे ही मजेत आहे, आणि ती कशामुळे मजेत आहे हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. एक तर फोनवर तू मध्येच "थांब, दूध उतू जातंय" म्हणतेस आणि ते दूध अर्धा अर्धा तास उतू जात राहतं. दुसरं म्हणजे गेल्या आठवड्यात मी फोनवर असे काही उद्योग केले आहेत की त्या यंत्राकडे बघायची मला लाज वाटते. आणि तिसरं, खरं कारण असं की या पत्रात तुझ्या धाकट्या लेकाचा विषय आहे. सहा वर्षांत आपण दोघांनी तो विषय काढलेला नाही. तू येतेस, चार दिवस राहतेस, हवापाण्यापासून शेजाऱ्यांच्या भांडणांपर्यंत सगळं बोलून होतं, आणि त्याचं नाव यायची वेळ आली की आपण दोघंही खिडकीबाहेर बघायला लागतो. (खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नाही. पाण्याची टाकी आहे.) तो माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर गाड्या धुवायचं आणि चमकवायचं दुकान चालवतो, आणि सहा वर्षांत मी त्या रस्त्याने गेलेलो नाही. भाजी आणायलासुद्धा मी लांबच्या रस्त्याने जातो. ही म्हणते त्यामुळे तुमची तब्येत चांगली राहिली.

तर आता गाडी. निवृत्त झाल्यावर मी ती जुनी गडद निळी गाडी घेतली, तू बसली आहेस तिच्यात. (तू म्हणाली होतीस, मागची सीट बसकी आहे. मी रागावलो होतो. सीट बसकीच आहे.) गाडी चालते उत्तम, पण रंग पार मंद झाला होता. ही एकदा सहज म्हणाली, की न्या ना एकदा त्याच्याकडे, तासाभराचं काम. मी जे म्हणालो ते शब्दशः लिहितो, कारण ते मला आता गिळायचं आहे. मी म्हणालो की एकतीस वर्षं लोखंडी कपाटांच्या कारखान्यात माझ्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एकही दार फाटकाबाहेर पडलं नाही, आणि मला चमक म्हणजे काय ते त्या पोराकडून शिकायचं का? ही काही बोलली नाही. तिच्या काही न बोलण्याला मी लग्नापासून होकार समजत आलो आहे, ही माझी पहिली चूक आणि सगळ्यात जुनी.

दोनेक दिवसांनी तिने कुठूनशी वॅक्सची एक डबी आणली, सोबत दोन मऊ फडकी. डबीच्या झाकणाखाली एक घडी घातलेली चिठ्ठी होती. असतील वापरायच्या सूचना, म्हणून मी ती उघडलीसुद्धा नाही. आपलं बाल्कनीतलं स्टूल एका पायाने डुगडुगतं, ते मला कित्येक महिने छळत होतं. चिठ्ठीची जाडी त्या पायाला अशी चपखल बसली की काय सांगू! त्या दिवशी मला वाटलं, वॅक्सचं काम होईल तेव्हा होईल, स्टुलाचं तर झालं.

रविवारी दुपारी बारा वाजता मी गाडी झाडाच्या सावलीतून काढून अंगणाच्या मधोमध रणरणत्या उन्हात उभी केली. तू हसू नकोस, यामागे विचार होता. कारखान्यात आमच्याकडे रंग मारलेलं दार भट्टीत जायचं, आणि भट्टीतून भाजून निघालं की त्यावर नखसुद्धा उमटायचं नाही. एकतीस वर्षं जे डोळ्यांनी बघितलं ते माणूस एका रविवारी कसं विसरणार? पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. मी म्हटलं वा, आयती भट्टी मिळाली! मग मी वरवर धूळ झटकली (गाडी धुतली नाही, धुतली तर थंड होईल, असा हिशेब), आणि वॅक्स लावलं. पातळ लावणं माझ्या स्वभावात नाही. बोनेट, छत, दारं, डिकी, सगळ्यांवर जाड थर, आणि तो थोडा आळतोय असं वाटल्यावर वरून दुसरा. डबीत उरलं होतं म्हणून काळ्या बंपरला, दारांच्या मुठींना, आरशांना आणि शेवटी काचांनासुद्धा. चमकायचंच आहे तर सगळ्यांनी चमकावं, कुणाला वेगळी वागणूक कशाला? एवढं करून मी गाडी "भाजायला" ठेवली आणि वर जाऊन गाढ झोपलो. अशी समाधानाची झोप मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच लागली होती.

पाच वाजता खाली आलो तर निळी गाडी पांढरी झालेली. भिंतीला चुना काढावा तशी. फडकं फिरवलं, ते घसरून पलीकडे गेलं. जोर लावला, फडकं फाटलं. दुसरं फडकं हातातून खाली मातीत पडलं, ते मी झटकून पुन्हा वापरलं (हेसुद्धा लक्षात ठेव, त्याचीही एक फुली पुढे येणार आहे). तेवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांनी बोनेटवर बोट फिरवलं, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले की किटण बसलंय, हळूहळू घ्या, खरवडू नका. पण ताई, हे गृहस्थ मलाही खुर्चीत झोपवून असंच म्हणाले होते आणि मग पाऊण तास खरवडत बसले होते, म्हणून मी त्यांचा सल्ला मनावर घेतला नाही. ते गेल्यावर स्वयंपाकघरातून भांडी घासायची घासणी आणली. तिने वॅक्स निघालं थोडं. सोबत रंगावर गोल गोल बारीक रेघा उमटल्या, इतक्या की बोनेटवर मांजरांनी फेर धरला होता असं वाटावं. आणि डाव्या दाराच्या खालच्या कडेशी वाकलो असताना कंबरेत अशी उसण भरली की मला त्याच कोनात घरात नेण्यात आलं.

सोमवारी कंबर दाखवायला जायचं म्हणून गाडी काढली. दाराची मूठ हातात ठरेना, तीनदा निसटली. आत बसून बघतो तर समोरची काच दुधात बुडवून काढल्यासारखी. वायपर सुरू केला, तो अशा आवाजात किंचाळला की समोरच्या इमारतीतल्या दोन बायका गॅलरीत आल्या. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून, कंबर धरून, पायी चालणाऱ्याच्या वेगाने गाडी नेत होतो. ही म्हणाली मी चालतच जाते. ती माझ्याआधी पोचली, तिने नंबर लावला, आणि मी पोचलो तेव्हा आमचा नंबर होऊन गेला होता.

आता मंगळवारचं सांगतो, आणि इथून पुढे मला फार विनोद सुचणार नाही.

मंगळवारी दुपारी मी आडवा झालो होतो. उठून गॅलरीत आलो आणि खाली बघितलं तर गाडीवर लाल फुल्या. बोनेटवर, छतावर, बंपरवर, मुठींवर, सगळीकडे. मी आधी घाबरलो, वाटलं कुणा द्वाड माणसाने केलं. खाली जाऊन बघतो तर ही माझ्या जुन्या खाकी कोटाच्या खिशातला लाल खडू हातात घेऊन, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून, मागच्या दारापाशी उभी. जिथे जिथे दोष तिथे तिथे फुली. एकोणीस. मी मोजल्या. मी म्हटलं त्यातल्या दोन अन्यायाच्या आहेत, ते डाग आधीच्या मालकाचे आहेत. तर म्हणते, साहेबांनी तक्रार लेखी द्यावी. ताई, हे माझं वाक्य. एकतीस वर्षं मी रंगखात्यातल्या लोकांना हेच सांगत आलो, त्याच आवाजात, खडू खिशात घालत. तिने खडूसुद्धा तसाच खिशात घातला. (तिला साडीला खिसा नाही, पण तिने घालून दाखवला.) मग ती आत गेली आणि मी त्या एकोणीस फुल्यांसमोर उभा राहिलो. मला हसू यायला हवं होतं. पण मला तुझा लेक आठवला.

तुला त्याने किती सांगितलं मला माहीत नाही. तो असल्या गोष्टी सांगणारा नाही, म्हणून मीच सांगतो. त्याला आमच्या रंगखात्यात मीच चिकटवला होता. अकराव्या दिवशी त्याने पहिलं दार एकट्याने रंगवलं. वरच्या कोपऱ्यात रंगाचा एक ओघळ आला होता, बोटभर लांब. मी तो दहा पावलांवरून बघितला. अख्खं खातं बघत होतं, आणि त्यांना दिसायला हवं होतं ना, की साहेब भाच्यालासुद्धा सोडत नाहीत! मी फुली मारली, कोपऱ्यात नाही, दाराच्या मधोमध, हातभर मोठी. आणि मोठ्याने म्हणालो, "ठोंब्या, हे काय करून ठेवलंस?" ठोंब्या हे मी त्याला तो दोन वर्षांचा असताना म्हणायचो, आठवतं? माझ्या खांद्यावर बसला की उतरायचं नावच घ्यायचा नाही म्हणून. लाडाचं नाव होतं ते. त्या दिवसापासून अख्खा कारखाना त्याला ठोंब्या म्हणायला लागला आणि त्यात लाड नव्हता. तो एवढंच म्हणाला होता की मामा, हा ओघळ घासून निघेल, मला अर्धा तास द्या. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, इथे अर्धा तास कुणालाही मिळत नाही. दार भंगारात गेलं. महिन्याने तोही गेला.

ताई, मी नियमाला धरून वागलो होतो. सहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, आणि ते खोटंही नाही. पण मंगळवारी त्या गाडीसमोर उभा असताना एक गोष्ट लक्षात आली. मला कुणीही सांगितलं असतं की निघेल हे, फक्त थोडा वेळ दे, तर मी त्याच्या पाया पडलो असतो. एकतीस वर्षं मी चुका शोधल्या आणि त्यातली एकही दुरुस्त केली नाही. माझ्याकडून कधी चूक झाली नाही हा माझा मोठा अभिमान होता, आणि ती का झाली नाही? कारण मी कधी काही केलंच नाही. लोक रंगवत होते, मी बघत होतो. ब्रश हातात घेतला असता तर पहिल्याच दिवशी ओघळ आला असता. आयुष्यात पहिल्यांदा एक काम स्वतःच्या हातांनी केलं आणि त्याच्या एकोणीस फुल्या झाल्या. वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

बुधवारी मी त्याला फोन केला. नंबर दुकानाच्या पाटीवर आहे. (त्या रस्त्याने मी जात नाही हे खरं, पण लांबून पाटी दिसते.) आता मामा म्हणून बोलायचं धाडस कुठून आणणार? म्हणून फोनवर रुमाल धरला, आवाज जाड केला आणि विचारलं, की माझ्या एका मित्राने उन्हात वॅक्स लावलं आहे, मित्र जरा हट्टी आहे, आता काय करावं. मग तो अगदी सावकाश म्हणाला, "साहेब, मित्राला सांगा, खरवडू नका. गाडी सावलीत थंड होऊ द्या, धुवा, आणि त्या वाळलेल्या वॅक्सवर पुन्हा थोडं ताजं वॅक्स लावा, हातभर जागेतच. जुनं मऊ होतं. मग लगेच पुसायचं." मला ते काही पटेना. ज्या गोष्टीने घोटाळा झाला तीच पुन्हा लावायची? पण करून बघितलं आणि हातभर जागा लख्ख निळी निघाली. मी तिथे एकट्यानेच टाळी वाजवली. डॉक्टरांनी खिडकीतून बघितलं.

गुरुवारी पुन्हा फोन, पुन्हा रुमाल. काळ्या बंपरवर पांढरे डाग राहिले होते. तो म्हणाला साधं खोडरबर घ्या, पेन्सिलीचं. त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला मोडा टाकून दोन तास बंपर खोडत बसलो होतो. येणारेजाणारे थांबत होते, मी मान वर केली नाही. काचांना व्हिनेगरचं पाणी, तेही त्यानेच सांगितलं. शुक्रवारी मी विचारलं की त्या गोल रेघांचं काय. तो म्हणाला त्यातल्या बऱ्याच जातील, काही राहतील, त्या राहू द्या. पहिल्या गाडीला सगळ्यांचंच असं होतं, मित्राला म्हणावं मनाला लावून घेऊ नका. आणि शेवटी म्हणाला की मित्राला सांगा, कंबरेला लावायचं मलम हाताला असताना रंगाला हात लावू नका. मी फोन ठेवला आणि हिला म्हटलं, बघ, काय अनुभवी माणूस आहे, नुसत्या आवाजावरून कंबर ओळखली! ही पदर तोंडाला लावून आत गेली.

शनिवारी मी त्या रस्त्याने गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, साडेतीन वाक्यं. पण तो नव्हता, कुणाची तरी गाडी पोचवायला गेला होता. एक चाळिशीच्या बाई एका गाडीचं छत पुसत होत्या, त्यांनी बसायला खुर्ची दिली. मी बसलो आणि समोर बघतो तर भिंतीवर एक दार टांगलेलं. लोखंडी कपाटाचं, करड्या रंगाचं, मधोमध हातभर लाल फुली. माझी फुली मी कुठेही ओळखेन, तिचा डावा पाय लांब काढतो मी. भंगारातून त्याने ते दार कधी उचललं देव जाणे. फुली पुसली जाऊ नये म्हणून वरून लॅकर मारलेलं. मला वाटलं, झालं, सहा वर्षं रोज सकाळी हा माझ्यावरचा राग या दारावर बघून ताजा करतो. मी बाईंना विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, हे आमच्या सरांचं पहिलं दार, नवीन माणूस कामाला आला की सर त्याला आधी इथे उभा करतात. मी विचारलं, आणि ज्याने फुली मारली त्याच्याबद्दल काय म्हणतात? (या वेळी रुमालाशिवायच आवाज जाड झाला.) तर बाई छत पुसता पुसता म्हणाल्या, "सर म्हणतात, त्या साहेबांची नजर एकदम बरोबर होती. ओघळ होताच. फक्त अर्धा तास कमी पडला."

मी उठून दाराजवळ गेलो. वरच्या कोपऱ्यात ओघळ शोधला. चष्मा पुसून शोधला, तिरपं बघितलं, खालून बघितलं, बोटाने चाचपलं. ताई, ओघळ नाही. घासून, पुन्हा रंग मारून त्याने तो असा काढला आहे की मला दाखवता येणार नाही कुठे होता. फुली तेवढी आहे, तिच्यामागे दोष नाही. ते दार आज माझ्यासमोर आलं असतं तर मी डोळे झाकून पास केलं असतं. त्या बाई "पाणी देऊ का काका" असं विचारत होत्या, मी मानेनेच नको म्हटलं आणि निघालो. तो यायच्या आत निघालो. पाठ केलेली साडेतीन वाक्यं तशीच परत आणली, आणि घरी आल्यावर बघितलं तर त्यातली दोन माझ्या बचावाची होती.

असो. गाडी आता बरीच निळी आहे. एकोणीसपैकी अकरा फुल्या मी पुसल्या, आठ बाकी आहेत. भावजींना नमस्कार सांग, गुडघ्यांना जप. लोभ आहेच, तो या पत्राने कमी होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
(कालपर्यंत साहेब) ठोंब्या

ता. क. : आता खरं काम. गाडीच्या निमित्ताने एवढी पानं भरली, पण मला गाडीबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. तू त्याला एकदा विचार, की मामा दुकानात आला तर तू बाहेर तर नाही ना जाणार? एवढंच विचार. तुझं म्हणून विचार, माझं नाव घेऊ नकोस. तो थांबेन म्हणाला तर मी त्याच्याकडे जाईन आणि अर्धं वाक्य जे माझ्या बचावाचं नाही आणि एक जे त्याच्या कौतुकाचं आहे, तेवढंच बोलेन. नाही थांबणार म्हणाला तर मला कळवू नकोस, मी समजून जाईन. आणि रुमालवाला माणूस मीच, हे मात्र त्याला काही झालं तरी सांगू नकोस. माझी थोडी तरी अब्रू त्या दुकानात राहू दे.

ता. क. (हे अक्षर माझं) : ताई, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पहिला फोन झाल्यावर पाच मिनिटांत त्याचा मला फोन आला होता, "मामी, मामांना सर्दी झालीय का?" म्हणून. कंबरेचं मीच सांगितलं. वॅक्सची डबीही त्यानेच दिली होती, आणि चिठ्ठी त्याच्या हातची आहे. तिच्यात लिहिलं होतं, "सावलीत, पातळ, थोडं थोडं. अडलं तर मला हाक मारा." ती अजून स्टुलाखाली आहे. दर गुरुवारी हे वाचनालयात जातात तेव्हा तो घरी येतो, तुम्हाला ठाऊकच आहे. आज मी त्याला रविवार असून बोलावलं आहे आणि यांना सांगितलेलं नाही. सही मात्र यांनी आपणहून केली, मी काही सुचवलं नव्हतं. ती वाचून मला रडू आलं, तेवढं यांना कळवू नका.

ता. क. : वरचं मी वाचलं. सर्दी नव्हती, रुमाल होता. म्हणजे तुलाही गुरुवारचं माहीत होतं आणि तू माझ्याबरोबर पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचीस! याचा जाब मी तुला गुडघे बरे झाल्यावर विचारेन. स्टूल उचलून चिठ्ठी काढली, आता ते पुन्हा डुगडुगतंय. आणि हे लिहिता लिहिता गॅलरीतून दिसतंय, तो खाली आला आहे. गाडीभोवती एक फेरी मारली, मान तिरकी करून, अगदी माझ्यासारखी. आठ फुल्या बघितल्या. बोनेटवरचा खडू उचलला आणि मागच्या दाराच्या मुठीखाली नववी मारली. मी इथून वाकून बघितलं, बरोबर आहे, ते आमच्या दोघांकडूनही सुटलं होतं. मग त्याने वर बघितलं आणि हाक मारून विचारलं, "मामा, अर्धा तास आहे का?"

तेव्हा वरची विनंती रद्द समज. त्याऐवजी भावजींच्या जुन्या, मऊ झालेल्या बनियनी पाठव, पुसायला लागतील. मी खाली चाललो आहे.